मा फिल्सूनची मुलगी

चीनमधल्या यानजीच्या नोटरी कार्यालयासमोर भाषांतराची तीन दुकानं होती. त्यातल्या मधल्या दुकानात इन्सुक सात वर्षं टंकलेखन करत होती. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, नात्याचे दाखले, गुन्हा केला नसल्याचे दाखले. चिनीतून कोरियनमध्ये उतरवायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मग तो कागद समोरच्या नोटरीकडे जाई, तिथून प्रांताच्या परराष्ट्र कचेरीत चांगछुनला, तिथून शेनयांगला कोरियाच्या वकिलातीत. तीन ठिकाणचे तीन शिक्के बसले की समुद्रापलीकडे तो कागद खरा. आतल्या मजकुराशी शिक्क्यांना फारसं देणंघेणं नसे आणि इन्सुकलाही नसे. चुलतभावाचा सख्खा भाऊ करून आणलेले, विधवेची सवाष्ण करून आणलेले असे कितीतरी कागद तिनं मान खाली घालून टंकले होते. आपल्याकडची, चीनमधली कोरियन वंशाची सगळीच माणसं तेव्हा कोरियाला निघाली होती आणि खऱ्या नावानं जायला मिळेल तेवढं नशीब फार थोड्यांचं होतं.

तिच्या आईचंही नव्हतं. आई शहाण्णव साली कोरियाला गेली. आता आठ वर्षं झाली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी, कोबीच्या गाड्या रस्त्यात उभ्या राहायला लागल्या त्या आठवड्यात, कोरियातल्या आनसानहून म्योंगजा मावशीचा फोन आला. म्योंगजा मावशी आईबरोबर एकाच खानावळीत भांडी घासायची, एकाच खोलीत राहायची.

"इन्सुक, आधी खाली बस," ती म्हणाली. "आई पडली गं. मोरीपाशीच पडली. उजवी बाजू गेलीय."

इन्सुक बसली नाही. "बोलते का?"

"कळतं सगळं. पण जिभेवर एकच शब्द उरलाय. तुझं नाव. तहान लागली तरी इन्सुक, पाठ दुखली तरी इन्सुक. डॉक्टर आला तरी त्याला इन्सुकच म्हणते."

इन्सुकच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण खोटं कशाला सांगू, त्यात थोडा आनंदही होता. आठ वर्षं आईच्या तोंडी आपलं नाव फक्त फोनवर होतं, तेही हळू आवाजात. आता ती ते मोठ्यानं म्हणत होती, सगळ्यांच्या देखत.

"तिला घेऊन जा," मावशी म्हणाली. "नात्यातलं माणूस कागद घेऊन आलं तर सोडतो म्हणतात, विमानातही बसवून देतील. नाही आलं तर डिसेंबरात सरकारी आश्रमात हलवणार. मी पाहिलाय तो आश्रम. तिथली माणसं भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि तशीच जातात."

"मी येते. उद्याच कागदाला लागते."

पलीकडे मावशीनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कोणाच्या नात्याचा कागद करशील, पोरी? इथे ती मा फिल्सून आहे."

आईचं खरं नाव बांग जोंगसिल. मा फिल्सून ही दोलगोल गावची बाई. तिच्या कोरियातल्या आतेभावानं तिला भेटीला बोलावण्याचं पत्र पाठवलं आणि ते पत्र पोचलं तेव्हा फिल्सूनला जाऊन चाळीस दिवस झाले होते. तिचा नवरा कांग दोक्सू यानं मृत्यूची नोंद केलेली नव्हती. केली असती तर पत्र वाया गेलं असतं. मध्यस्थानं इन्सुकच्या आईला गाठलं, बोलणी झाली आणि जोंगसिल फिल्सून झाली. दोघींचे चेहरे जुळत नव्हते, पण त्या काळच्या फोटोत कुणाचाच चेहरा धड जुळत नसे.

आईला लिहिता येई ते यथातथाच. म्हणून अर्ज इन्सुकनं भरला. अठरा वर्षांची होती, अक्षर वळणदार होतं, त्याचा तिला गर्वही होता. नाव, मा फिल्सून. नवरा, कांग दोक्सू. मुलगी, कांग योन्ही. मग शेनयांगच्या मुलाखतीसाठी तीन आठवडे तिनं आईची रोज परीक्षा घेतली. आई जेवायच्या चौरंगाच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला.

"नाव?"

"मा फिल्सून."

"नवऱ्याचं नाव?"

"कांग दोक्सू."

"मुलीचं नाव?"

"इन्सुक."

दर वेळी तिथंच गाडी अडायची. इन्सुक चिडून आईच्या हातावर पट्टी मारायची. "आई, त्या खुर्चीवर बसलीस की मी तुझी कोणी नाही. कळलं? इन्सुक म्हणालीस की संपलं सगळं." आई ओशाळं हसायची, हात चोळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. शेनयांगच्या मुलाखतीत मात्र ती चुकली नाही. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला बसून ती हमसून हमसून रडली, का ते इन्सुकला तेव्हा समजलं नव्हतं.

दोलगोलला बसनं तीन तास लागतात. इन्सुक पोचली तेव्हा दोक्सू अंगणात तंबाखूची वाळलेली पानं एकावर एक रचत होता. ठेंगणा, नीटनेटका माणूस. सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तिला बघून त्याला नवल वाटलं नाही.

"ये. जमीन तापवून ठेवलीय, आत बस. जेवलीस?"

आत खालून तापवलेल्या जमिनीवर चौरंग मांडला होता. सोयाबीनच्या आंबवणाचं कढण, मुळ्याचं लोणचं आणि भाताच्या तीन वाट्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिसरी वाटी कोणाची, हे इन्सुकनं विचारलं नाही. तिनं आईची हकिगत सांगितली. तो ऐकत जेवत राहिला.

"मी जाईन की," तो म्हणाला. "नवराच आहे मी तिचा."

"काका, तुम्ही घेऊन आलात तर फार उपकार होतील. मी विमानतळावर येऊन थांबेन."

"थांब ना. पण दवाखाना लिहिणार काय? मा फिल्सून, नवऱ्याच्या ताब्यात दिली. मग मी तिला कुठं न्यायची? परक्या पोरीच्या घरी?" तो हसला. हसताना तो डोळे मिटून घेत असे. "लोक काय म्हणतील मला?"

 तो माणूस थट्टा करत नव्हता. इन्सुकनं वाटी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "तुम्हाला काय हवंय? मी जमवेन."

"पैसे होय? नकोत." त्यानं कोपऱ्यातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला. आत कागद होते. बायकोचं जन्मपत्र, लग्नाचा दाखला, घराची नोंदवही, योन्हीच्या शाळेचा दाखला. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये. त्या घरात बायकांचे कागद होते, बायका नव्हत्या. "योन्हीच्या नावानं जा तू. मुलगी आईला आणायला जाते, कुणी वावगं म्हणणार नाही. ओळखपत्र हरवलं म्हणून नवं काढू, त्यावर तुझा फोटो लागेल. मग पासपोर्ट. फक्त कागद होईस्तोवर इथं राहायचं. नोटरीवाले घरी येऊन चौकशी करतात हल्ली."

"आणि खरी योन्ही?"

"चिंगदाओला गेली कामाला. सहा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही." असं तो म्हणाला, जणू शेजारच्या कुणाची गोष्ट होती. "तिचं अंथरूण उन्हात घालून ठेवलंय मी. कालच."

आपण येणार हे इन्सुकनं कुणालाच कळवलं नव्हतं; दवाखान्याचा निरोप आधी नवऱ्यालाच गेला असणार. तरी ती उठून गेली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. हिशेब तिनं पक्का केला होता. एकदा आईला घेऊन विमानातून उतरलं की सरळ यानजी. दोलगोलकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मग बोंबल म्हणावं डब्यातल्या कागदांच्या नावानं.

दुकानात तिनं आजारी असल्याचं सांगितलं आणि ती राहायला गेली. दिवसभर कोबीला मीठ लावायचं, तंबाखू बांधायची. ओळखपत्राच्या फोटोसाठी दोक्सूनं पेटीतून जांभळा स्वेटर काढून दिला. "योन्हीला हा रंग खुलायचा." फोटोत तिचा चेहरा तिलाच नवखा वाटला. ओळखपत्र आलं, मग पासपोर्टचा अर्ज गेला. एरवी दोन महिने लागणारी कामं दोन-दोन आठवड्यांत उरकत होती. दोक्सू कचेऱ्यांत शिरला की कारकून उठून उभे राहत. तंबाखूचं पुडकं टेबलाखालून सरकताना तिनं एकदा पाहिलं.

पहिल्या दिवशी तो चारचौघांत तिला योन्ही म्हणाला. ते ठरलेलंच होतं. चौथ्या दिवशी घरातही म्हणायला लागला.

"काका, आत कोण ऐकतंय?"

"सवय नको व्हायला?"

तेही खरंच होतं. आईची सवय तिनंच तर करून घेतली होती. म्हणून तिनं पुन्हा टोकलं नाही. पहिल्या आठवड्यात "योन्ही" अशी हाक आली की ती ऐकूनही खाली बघत काम करायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा विहिरीवर तांदूळ धूत असताना मागून हाक आली आणि ती झटकन वळली. दोक्सू दारात उभा होता. त्याला काही काम नव्हतं. तो नुसता बघत होता आणि समाधानानं मान डोलावत होता. इन्सुकला त्या वेळी खरोखर भीती वाटली. हातातले तांदूळ निम्मे सांडले.

नोटरी कार्यालयातून बाई आली ती सर्दीनं बेजार झालेली. नोंदवही बघितली, घर बघितलं, मग म्हणाली, "शेजारचं कोणी बोलवा." दोलगोलमध्ये घरटी एक माणूस कुणाच्या तरी भलत्याच नावानं कोरियात होतं. तिथं असल्या चौकशीत खोटं बोलणं शेजारधर्मात मोडत असे. पलीकडच्या घरातून ओकबुन आजी हात पुसत आली.

"ही कोण, आजी?"

"ही? योन्ही की. माझ्या हातावर जल्मलीय. पायाळू हाय कार्टी, आईला लई छळलं जल्मताना."

"आणि हिची आई?"

"कोरियात न्हाई का ती! शहाण्णवपासनं. मला एक मफलर बी धाडला न्हाई बयेनं."

नोटरीबाई नाक पुसत हसली आणि तिनं लिहून घेतलं. ती आणि दोक्सू सह्या करायला बाहेर अंगणात गेले. तशी ओकबुन आजीनं इन्सुकचं मनगट धरून तिला लोणच्याच्या बरण्यांमागे ओढलं. तिचे हात मिठानं खरखरीत झाले होते.

"कागद झाला की हितं एक दिस बी ऱ्हाऊ नगं."

"मी राहणारच नाहीये, आजी."

"ऐक तर. खरी योन्ही का ग्येली, ठावं हाय? आईच्या थडग्यावर नावाची पाटी लावा म्हनली. बास, इतकंच. ह्यो म्हनला, पाटी कशापायी, तुझी आई कोरियात हाय. पोरीला वाटलं, कागदापायी बोलतोय. तिनं दार लावून इचारलं, बाबा, आता कुनी ऐकत न्हाई. तर ह्यानं डबा काढला अन् पासपोर्टाची झेराक्स दावली. म्हनला, ही बघ, जित्ती हाय." आजीनं अंगणाकडे नजर टाकली. "आधी समद्यांसाठी म्हनायचा. मग म्हनता म्हनता त्याचं त्यालाच खरं वाटाया लागलं. तुझ्या आईचा फोन यानजीला येतो, तर हा गावात सांगत हिंडतो, माज्या बायकूचा फोन आला. पोरगी भ्याली अन् पळाली. तू बी भी जरा."

"डब्यात तिचा पत्ता असेल का?"

"कागद हाईत त्याच्यापाशी. मानसाचा पत्ता कुनी ठेवला?"

टेकडीवर फिल्सूनचं थडगं होतं, दोन हात उंचीचा मातीचा ढीग, त्यावर गवत. इन्सुक दुसऱ्या दिवशी लाकडं आणायला गेली तेव्हा तिथं थांबली. आपली आई हिच्या नावानं जगत होती, म्हणून कागदावर ही बाई आठ वर्षं मेली नव्हती. शरदाच्या सणाला सगळ्या गावातल्या थडग्यांचं गवत कापतात, हिचं कुणी कापलं नव्हतं. इन्सुकनं विळ्यानं थोडं कापलं, मग कोणी बघेल म्हणून तशीच निघून आली.

त्या संध्याकाळी गावातल्या दुकानातून तिनं दवाखान्यात फोन लावला. दोक्सू बरोबर आलाच. म्योंगजा मावशीनं फोन आईच्या कानाला लावला.

"इन्सुक," आई म्हणाली. स्वर जड होता, पण नाव स्वच्छ. "इन्सुक. इन्सुक."

"आई, येतेय गं मी. थोडे दिवस कळ काढ."

दोक्सूनं तिच्या हातातून अलगद फोन काढून घेतला. "फिल्सून, मी बोलतोय. घाबरू नकोस हं. पोरीला घेऊनच येतो."

 पलीकडून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला आणि वाढत गेला. मावशीनं फोन काढून घेतला असावा, कारण तो तुटला. दोक्सूनं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि रुमालानं पुसला.

"आनंद झालाय तिला," तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या चोविसाव्या तारखेला नोटरीचा कागद हाती आला. जाड पांढरा, रेशमी दोऱ्यानं शिवलेला, दोऱ्याच्या गाठीवर उठावाचा शिक्का. चांगछुनला त्याच्या पाठीवर दुसरा शिक्का बसला. शेनयांगला जाणाऱ्या गाडीत इन्सुकनं तो पहिल्यांदा नीट वाचला. हजारो कागद टंकले होते तिनं, हा मात्र दुसऱ्या कुणीतरी टंकलेला होता. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तिला चूक सापडायला हवी होती, असं तिच्या मनात आलं. एखादी तारीख चुकली असती, एखादी रेघ राहिली असती, तरी बरं वाटलं असतं.

"तुम्ही सही करून परत जाल ना?" तिनं विचारलं.

दोक्सू खिडकीतून मळे बघत होता. "आधी शिक्का तर बसू दे."

वकिलातीच्या आत माणसंच माणसं, पण आवाज नाही. सगळे आपापली नवी नावं मनात घोकत बसलेले. इन्सुकला ते ओठांच्या हालचालींवरून ओळखता येत होतं. त्यांचा क्रमांक पुकारला गेला. खिडकीपलीकडचा अधिकारी तिशीतला होता, दक्षिणेकडच्या मऊ बोलीत बोलणारा. त्यानं दोऱ्याची गाठ तपासली, शिक्क्यांवरून बोट फिरवलं, दोघांचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. दोघांचे. इन्सुक दोक्सूकडे बघतच राहिली. त्यानं आपलाही अर्ज भरला होता.

"बाप असताना पोरीनं एकटीनं जायचं?" तो तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला.

यानजी, विमानतळ, सगळा हिशेब इन्सुकच्या डोक्यात कोसळला. दवाखान्यात हा उभा राहणार. कागद हाच दाखवणार. ताब्यात हाच घेणार. पण खिडकीसमोरून उठायचं म्हणजे आईला त्या भिंतीकडे ढकलायचं. ती बसून राहिली.

"कागद चोख आहेत," अधिकारी म्हणाला. "फारच चोख आहेत. राग मानू नका, तुमच्या भागातून हल्ली इतके चोख कागद येतात की खात्री करावी लागते. दवाखान्याचा नंबर दिलाय तुम्ही. लावतो." त्यानं नंबर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. परिचारिका आली. त्यानं नाव सांगितलं. चाकांचा आवाज झाला, मग श्वासाचा. तो श्वास इन्सुकनं लगेच ओळखला.

"मा फिल्सून बाई, मी शेनयांगहून बोलतोय. तुमच्या मुलीचं नाव सांगता येईल का?"

चौरंगाची दुसरी बाजू इन्सुकला आठवली, हातावरची पट्टी आठवली. आई, नको. आई, गप्प बस. आठ वर्षांत आईच्या तोंडून जे ऐकायला ती तडफडली होती, ते या घडीला ऐकू येऊ नये म्हणून तिनं नखं तळहातात रुतवली.

"इन्सुक," आई म्हणाली. "इन्सुक."

अधिकाऱ्यानं समोरच्या कागदावर पाहिलं. "इन्सुक कोण?"

इन्सुकचं तोंड उघडलं, पण बोलला दोक्सू. शांतपणे, जराही न अडखळता. "शेजारची पोर, साहेब. हिच्याच बरोबरीची. माझ्या मंडळींचा फार जीव होता तिच्यावर, स्वतःच्या मुलीपेक्षा जास्त. बर्फ वितळायच्या दिवसांत नदीत बुडाली. त्या धक्क्यातून ही सावरलीच नाही. आता डोकं असं झाल्यावर तेवढंच नाव राहिलं तोंडात."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं पाणी होतं ते.

अधिकारी इन्सुककडे वळला. "असं आहे?"

फोन चालूच होता. श्वास ऐकू येत होता.

"हो," इन्सुक म्हणाली.

"हो म्हणजे? तुम्ही सांगा."

"इन्सुक वारली," इन्सुक म्हणाली. आवाज तिचाच होता आणि तो लपवण्याची काही सोय नव्हती.

फोनमधला श्वास थांबला. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मग श्वास पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा हळू.

"मा फिल्सून बाई," अधिकारी जरा मोठ्यानं म्हणाला, "कांग योन्ही ही तुमची मुलगी का? ऐकू येतंय ना?"

 मग परिचारिकेचा आवाज आला. "साहेब, त्या मान हलवताहेत. हो म्हणताहेत."

"नक्की?"

"हो. दोनदा हलवली."

अधिकाऱ्यानं फोन ठेवला आणि शिक्का उचलला. दोन कागदांवर तो दोनदा पडला. सात वर्षं ऐकलेला तो आवाज इन्सुकला या वेळी ऐकूच आला नाही.

बाहेर जिन्यात तिनं दोक्सूला अडवलं. "इतक्या पटकन कसं सुचलं तुम्हाला? नदी, बर्फ?"

"सुचायचंय काय त्यात? केव्हाचं ठरवून ठेवलं होतं. तू आलीस ना, त्याच दिवशी." त्यानं दोन्ही पासपोर्ट छातीच्या खिशात ठेवले आणि गुंडी लावली. "कुणी ना कुणी विचारणारच होतं. आई बरी झाली की तिलाही समजावून सांगू. घर तापवून ठेवायला सांगितलंय ओकबुन म्हातारीला."

तो तिकिटं बघायला पुढे गेला. इन्सुकनं फुटपाथवर उभं राहून मोबाइलवरून म्योंगजा मावशीला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"मावशी, कागद झाला."

"झाला? बरं झालं बाई." पण मावशीचा स्वर बरा नव्हता. "इन्सुक, मघाशी फोनवर काय बोललीस तू तिच्याशी? तो फोन आल्यापासून एक शब्द नाही. तेवढा एक होता, तोही गेला. नुसती बघते. मी म्हटलं, अगं, इन्सुक येतेय तुझी. तर डाव्या हातानं माझं तोंड दाबलं. इतकं घट्ट दाबलं की दात लागले ओठाला. आणि दाराकडे बघायला लागली, कुणी ऐकलं का म्हणून."

 आईला सगळं कळलं होतं. चौरंगापाशी तीन आठवडे पट्टी खाऊनही जे नाव आईला गिळता आलं नव्हतं, ते आज इन्सुकच्या एका वाक्यानं तिनं गिळलं होतं.

"ऐकतेस ना? इन्सुक?" मावशी विचारत होती. "इन्सुक?"

"योन्ही," रस्त्यापलीकडून दोक्सूनं हाक मारली. "चल, गाडी सुटेल."

ती वळली.